हळद कुणी आणली

आरूला, म्हंजे माज्या आरोहीला, जन्मल्यापासून कुणी काही इचारलं न्हवतं. डॉक्टरनं मला इचारलं, तिच्या पप्पाला इचारलं, आत्याबाईला म्हंजे माज्या सासूला तर सगळं गाव इचारायचं, का वो, नात कशी हाय. पण आरूला कोण इचारणार? चौथं वरीस लागलं होतं तिला तवा. मान धरत न्हवती, बोलत न्हवती, अंग लाकडावानी कडक, मुठी आवळलेल्या, आन् घास तोंडात दिला की ठसका. ठसका म्हंजे आसा की डोळे पांढरे व्हायचे, ओठ निळे पडायचे, आन् मी तिला उलटी धरून पाठीत थापट्या मारायची. दिवसातून तीन बार जेवण, तीन बार मरण. तिला पहिल्यांदा कुणी इचारलं आसंल तर ते विमलताईनं.

समाजमंदिरात सतरंजी टाकली होती. मी आरूला पुढं केलं, घ्या म्हणलं. विमलताई मांडी घालून बसल्या, हात पुढं केला आन् हवेतच थांबवला.

"आरोही, मी हात लावू का गं?"

मी म्हणलं, "लावा की."

"तुला न्हाई इचारलं."

मग थांबल्या त्या थांबल्याच. मागं बाया हसायला लागल्या. एक जण म्हणली, "आता ही पोर लावा मावशी म्हणती काय!" विमलताईनं मागं बगितलं बी न्हाई. त्यांना आणलेल्या चहावर साय धरली, माज्या पायाला मुंग्या आल्या, तरी तो हात तिथंच. मग एकदम त्यांनी आरूच्या तळपायाला हळूच बोट टेकवलं.

"हो म्हणाली."

"कवा म्हणाली वो?"

"आत्ता. तुमी खिदळायले होता तवा."

म्या आरूकडं बगितलं तर तिचे डोळे त्यांच्याकडं वळलेले होते. इतक्या वर्षांत मला ते दिसलं न्हवतं, कारण मी कवा थांबलेच न्हवते.

विमलताई उंच, वाळक्या, पन्नाशीच्या पुढच्या. आवाज घोगरा, बिडी वढणाऱ्या माणसावानी, पण बिडी काय, वर्गाच्या आधी चहा बी घेत न्हवत्या. म्हणायच्या, पोटात गरम गेलं की मी घाई करते. बाजाराच्या दिवशी परभणीहून ताडकळसला बसनं यायच्या, तिथून आमच्या गावाला रिक्षात, मांडीवर ही मोठी पिशवी. पिशवीत वल्ल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली चिकणमाती, एक खंजिरी, कोळसे, रंगाच्या पुड्या, जुने पेपर. गावात कुणी त्यांना मालिशवाली म्हणायचं, कुणी चित्राची बाई, कुणी नाचाची बाई. एकदा मीच इचारलं, ताई, तुमचं काम नेमकं काय म्हणायचं वो?

त्या म्हणल्या, "माणूस आपल्याच अंगात ऱ्हात न्हाई बग. भ्यालं की बाहेर जाऊन उभं ऱ्हातं. त्याला परत घरात आणायचं. कुणी गाऊन येतं, कुणी मातीत हात घालून येतं. कुणी येतच न्हाई."

मी आठवी शिकलेली, मला अर्धंच कळलं. कुणी येतच न्हाई, हे तेवढं ध्यानात ऱ्हायलं.

त्यांच्या वर्गात येगळं येगळं काही नसायचं. ऐकू न येणारी मुक्ता, लकवा मारलेले गणपतमामा, माजी आरू, आन् शाळेतल्या चांगल्या धडधाकट पोरी, सगळ्या एकाच सतरंजीवर. अंगणवाडीच्या बाई म्हणल्या, ताई, ह्या पोरींना तर काहीच झालेलं न्हाई, ह्या कशाला येतात? विमलताई म्हणल्या, "काही झाल्याबिगर येऊच नये का?" मुक्ता खंजिरीवर तळहात ठेवून बसायची, ताई वाजवायच्या, आन् ती हातानं ऐकून मान हलवायची, एक ठोका चुकायची न्हाई. गणपतमामा चांगल्या हातानं माती मळायचे, मेलेला हात त्या मातीत ठेवायचे. त्यांनी एकदा बैल केला, त्याला पायच न्हवते.

"मामा, बैल बसलाय का?" ताईनं इचारलं.

"न्हाई, त्याला बी लकवा मारलाय."

तवा विमलताई आशा हसल्या की त्यांना खोकला लागला, आन् गणपतमामा, जे पडल्यापासून घरात कुणाशी बोलत न्हवते, ते बी हसले, अर्ध्या तोंडानं.

पण मला सगळ्यात आदी राग आला होता तो येगळ्याच गोष्टीचा. ताई लेकरांना बाजूला ठेवून आधी आम्हा आयांना निजवायच्या. डोळे झाका, पाठ कुठं टेकली बगा, टाचा कुठं हायत बगा, श्वास मोजू नका, नुसता येऊ द्या. आता घरी भाकरी ठेवून आलेली मी, आत्याबाई दर दहा मिनिटाला दारात, आन् ही बाई म्हणती झोप. मी म्हणलं, "पोरीला करा काय करायचं ते, मला काऊन निजवता?"

"ती जेवती कुणाच्या मांडीवर?"

"माज्या."

"मग पाटाच हलायला लागला तर वरवंट्यानं काय करावं?"

आसं म्हणून माज्या छातीवर त्यांनी माजाच हात ठेवला. माजं काळीज आसं पळायलं होतं की हात उडायला होता. म्हणल्या, "हे बग, हे तिला रोज पाठीतून ऐकू येतं. तुला वाटतं ती मरती, म्हून तुजं आसं होतं. तुजं आसं होतं म्हून ती कडक होती. कडक गळ्यातून घास जाईल का?" मला वाटलं, हिनं बी खापर माज्यावरच फोडलं. घरात आत्याबाई म्हणायच्याच, पोटुशी असताना गिराणात बाहेर गेली, म्हून आशी पोर झाली. मी उठून जायला निघाले, तर विमलताई म्हणल्या, "चूक तुजी हाय आसं म्या म्हणलं न्हाई. भ्याणारच तू. तुज्या जागी मी असते तर पळून गेले असते." मी परत निजले. आन् बगा, मला झोपच लागली. लग्न झाल्यापासून दिवसा पहिल्यांदा.

वर्ग संपला की त्या बी झोपायच्या. तिथंच सतरंजीवर, तोंडावर पदर घेऊन, दहा मिनिटं, आन् घोरायच्या गड्यावानी. मुक्ताला तेवढं ऐकू येत न्हवतं. बाकी सगळ्या चवड्यावर चालत चपला घ्यायच्या.

बरी होईल, आसं त्या कवाच म्हणल्या न्हाईत. म्या एकदा पायच धरले. "ताई, चालंल का वो ही?"

"मला न्हाई माहीत."

"देवरुशी बी होईल म्हणतो. तुमी शिकलेल्या, तुमी एवढं म्हणा की. खोटं म्हणा."

"मला एवढं माहीत हाय, ती सकाळपासून उपाशी हाय. आण वाटी."

भिताडाला टेकून त्या बसल्या. आरूला इचारलं, वाट बगितली, मग तिची पाठ आपल्या पोटाला लावून घेतली, तिचे गुडघे मुडपून हातानं धरले, हनवटी जराशी खाली. मी आजवर तिचं डोस्कं मागं करून पाजत होते, आमच्याकडं सगळेच तसं पाजतात. ताई म्हणल्या, तसं केलं की घास गळ्याच्या वाटेनं न जाता श्वासाच्या वाटेनं जातो. मग त्या नुसत्या घुमायला लागल्या, म्म्म् करून, तोंड मिटून, चाल न्हाई, शब्द न्हाई, जात्याची घरघर लांबून यावी तसं. किती तरी येळ. आरूचे खांदे खाली आले. एक मूठ सैल पडली. मग चमच्याच्या टोकावर घट्ट पेज, जिभेवर जरा दाबून, आन् घुमणं चालूच.

आरूनं गिळलं. ठसका न्हाई. मग दुसरा चमचा. मग तिसरा. चौथ्याला ताईनीच वाटी बाजूला ठेवली, म्हणल्या, बास, लालूच नको. मी भिताडाकडं तोंड करून रडले. त्या दिवसापासून मला एकच पाहिजे होतं. चालणं नको, बोलणं नको. माज्या लेकरानं जेवावं, मरणाबिगर जेवावं. हळूहळू अर्धी वाटी जायला लागली. घरी माज्या हातानं दोन-तीन चमचेच जायचे, पण जायचे. मी बी घुमायची, चुलीम्होरं, आन् आत्याबाई म्हणायच्या, काय गं, अंगात आलं का?

आता जे झालं ते सांगते. हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

त्यांचं एक काम आसं असायचं की पेपर जोडून अंथरायचे, त्यावर लेकराला निजवायचं आन् कोळशानं त्याच्या अंगाभवती रेघ ओढायची. मग लेकराला उचलायचं, तर खाली त्याचं अंग उमटलेलं. त्यात जिथं दुखतं तिथं लाल, जिथं बरं वाटतं तिथं पिवळा, ज्याला जसं वाटंल तसं भरायचं. गणपतमामांनी आपला सगळा उजवा हात काळा केला होता. आरूला ताई पुड्या दाखवायच्या, ती ज्या पुडीकडं बगंल ती. पण त्यांची ताकीद होती: रेघ पेपरावरच वढायची, भुईवर न्हाई. आन् हळद, कुंकू, लिंबू ह्यातलं काही ह्या दारात आणायचं न्हाई. म्हणायच्या, "आपल्याकडं भानामती दिसायला लोकांना चष्मा लागत न्हाई."

त्या दिवशी बाकीच्या आजून यायच्या होत्या. गणपतमामांना बाहेर जायचं होतं, ताई त्यांना धरून मागं गेल्या. पेपर फाटला होता, म्हून म्या आरूला भुईवरच निजवलं आन् रेघ वढली, म्हणलं ताईचं तेवढंच काम वाचंल. पुड्या दाखवल्या. ती पिवळ्याकडं बगायली, बगायली, डोळा हलवंना. आन् पिवळी पुडी रिकामी. लाल बी संपलेली. आमचं घर तिथंच, भिताडाला भीत. मी पळत गेले आन् डब्यातून मूठभर हळद आन् करंड्यातलं कुंकू आणलं. मला काय वाटलं? हळद तर घरची, भाजीत टाकतो ती. ते लेकरानं मागितलं, आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. म्या तिला जरा बाजूला सरकवून रेघेच्या आत हळद पसरली, आन् गळ्यावर, जिथं घास अडतो, तिथं कुंकू. मग तिला रेघेच्या आत एका अंगाला परत निजवलं.

मामा आजून मागंच होते, ताई आल्या आन् दारातच थांबल्या. तोंड उतरलं.

"कुणी आणली?"

"म्या."

"पूस. आदी पूस."

मी पदर घेऊन वाकले, तर आरूची मूठ. ती उघडली. आंगठा आत दाबून धरलेली मूठ ती, रोज तेल लावून सुटत न्हवती, ती आपोआप उघडली आन् पाचही बोटं हळदीत फिरली. ताईचा हात माज्या खांद्यावर आला. "थांब. जरा खेळू दे तिला."

तेवढ्या 'जरा'मदी आत्याबाई दारात आल्या.

त्यांना काय दिसलं ते मी समजू शकते. भुईवर माणसाचा आकार, अंगभर हळद, गळ्याला कुंकू, आन् आत निजलेली त्यांची नात. त्यांनी जी किंकाळी फोडली त्यानं आरू आशी दचकली की तिची मूठ परत मिटली. चौथ्या दिवशी आरूला ताप भरला. छातीत घरघर. दवाखान्यात डॉक्टर म्हणले न्युमोनिया, आदीपासूनच घास आत जात आसंल. पण तोवर गावात झालं होतं की बाईनं पोरीवर केलं.

देवळाम्होरल्या पारावर बैठक बसली, सकाळच्या पारी. सरपंच बाई हायत, पण बोलतात त्यांचे मालक. ताईला बोलावून घेतलं होतं. त्या आल्या, चपला काढल्या, उभ्या ऱ्हायल्या. कुणी बसा म्हणलं न्हाई. गणपतमामा म्हणले, "बाई चांगली हाय, म्या सांगतो," तर मालक म्हणले, "मामा, तुमचा हात आदी बरा होऊ द्या, मग सांगा." लोकं हसली.

"बाई, तुमी शिकलेल्या. आमाला बाकी काही नको. हळद कुणी आणली तेवढं सांगा."

आत्याबाई माज्या डाव्या बाजूला, आरूचे पप्पा उजव्या बाजूला. आदल्या दिवशीच आत्याबाईनं सांगितलं होतं, ह्यात तुजा हात निघाला तर तू माहेरी, पोर हितं. पोर हितं म्हंजे काय ते मला माहीत होतं. कोण थांबणार होतं तिच्यासाठी एका चमच्याला अर्धा तास?

विमलताईनं माज्याकडं बगितलं. जशी आरूची वाट बगायच्या तशीच वाट बगायल्या होत्या, तेवढ्याच निवांत, तेवढाच येळ. पारावर एक शेरडू चढलं, कुणी तरी त्याला हाकललं. म्या खाली मान घातली.

"मी आणली," त्या म्हणल्या.

गलका झाला. कुणी काय, कुणी काय. एका बाईनं त्यांच्या पायापाशी थुंकलं. आरूचे पप्पा मदी पडले, जाऊ द्या त्यांना, जाऊ द्या. मालक म्हणले, बाई, तुमच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई आमाला, पण परत ह्या शिवारात दिसू नका. त्यांनी चपला घातल्या. पिशवी समाजमंदिरातच होती, ती बी कुणी आणून दिली न्हाई. मुक्ताच्या आईनं मागनं जाऊन सांगितलं, ताई, कायदा हाय, पोलिसात जा, एकेकाला आत टाकतील. तर म्हणल्या म्हणे, "मी गेले की पोलीस हळदीचा डबा कुणाच्या घरातला ते हुडकतील. मग त्या पोरीचं काय?"

हे मुक्ताच्या आईनं मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, मी भांडी घासायले होते. म्या राखेचा हात तसाच तोंडावर धरला.

त्याच्या नंतर सगळं उतरणीला लागलं. गणपतमामा परत बोलायचे बंद झाले. मुक्ता काही दिवस समाजमंदिराच्या बंद दाराला हात लावून उभी ऱ्हायची. म्या आरूची पाठ माज्या पोटाला लावून घुमून बगितलं, ताईसारखंच सगळं, गुडघे मुडपले, हनवटी खाली, पेज घट्ट. पण माजा आवाज थरथरायचा. मला वाटायचं हिला सगळं कळलंय. ती कडक व्हायची, मी भ्यायची, मी भ्याले की ती आजून कडक. एक चमचा, ठसका. अर्धा चमचा, ठसका. तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. दुसऱ्यांदा न्युमोनिया झाला तवा डॉक्टर म्हणले, आता तोंडानं एक थेंब द्यायचा न्हाई, न्हाई तर पोर हातची जाईल. तिच्या नाकातून नळी घातली. आता मी सिरिंजनं दूध सोडते, वरून, घड्याळ बगून. ठसका न्हाई. चव बी न्हाई. दूध गोड हाय का फिक्कं, तिला कळत न्हाई. मी चमचा हातात घेतला की आदी तोंड उघडायची, आता उघडत न्हाई.

विमलताईला शेवटचं बगितलं ते परभणीच्या बसस्टँडवर. नळी बदलून आमी परत निघालो होतो, आरूचे पप्पा तिकडं गाडीची चौकशी करायले होते. जिंतूरकडच्या गाडीपाशी त्या उभ्या, नवी पिशवी, केस लय पांढरे झालेले. त्याच वाटेवरल्या बोरी गावात वर्ग सुरू केलाय आसं कानावर आलं होतं. मी आरूला घेऊन गर्दीतून आशी गेले की माजी एक चप्पल मागंच ऱ्हायली.

त्यांनी आदी आरूकडं बगितलं. नळीकडं, गालावरच्या चिकटपट्टीकडं. लय येळ.

"कवापासून?"

"दोन महिने झाले."

"खोकला?"

"कमी हाय."

"मग बरं केलं. जीव ऱ्हाईल."

"ताई, ती हळद म्या..."

"माहीत हाय की. मी तिथंच होते."

मला वाटलं त्या रागानं बोलतील, शिव्या देतील, मला पाहिजे होत्या त्या. पण त्यांनी माजा सुटलेला पदर आरूच्या डोळ्यावरनं बाजूला केला फक्त. मी म्हणलं, आमच्या गावात परत या की, मी सांगते समद्यांना, खरं सांगते. त्या म्हणल्या, "न्हाई गं." कंडक्टरनं घंटी मारली. आरूचे पप्पा लांबून हाका मारायला लागले. त्या वर चढल्या.

खिडकीपाशी जागा मिळाली त्यांना. माज्याकडं बगितलं न्हाई. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आन् डोस्कं जरा मागं करून पाणी प्यायल्या. उन्हात त्यांचा गळा दिसायला होता, वाळका, शिरा वर आलेला. एक घोट खाली गेला. मग दुसरा. मग तिसरा, सरळ, सहज, कुठं अडकला न्हाई. मी आरूला धरून बगत ऱ्हायले. गाडी मागं सरकली, वळली, तरी त्या पितच होत्या.